फॉर्म्युले पाठ आहेत तरी वर्ड प्रॉब्लेम अडतात: एका विद्यार्थिनीची केस

ही केस एका मुलीची आहे. कॉलेजचं पहिलं वर्ष, मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स दोन्ही विषय. नुसतं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा वेग) काढायला द्या, फटाफट काढते, इंटिग्रेशन येतं, चेन रूल हातात बसलाय, पण तेच गणित चार वाक्यांत लिहून दिलं की पेन जागच्या जागी थांबतो. अशी मुलं तुम्हीही बघितली असतील, आणि सगळ्यांना सल्ला एकच मिळतो की प्रॅक्टिस कर. हिने प्रॅक्टिस केलेली होती, वह्या भरलेल्या होत्या, फक्त चुका पण त्याच त्याच होत्या. म्हणून नवीन गणितं देत बसण्यापेक्षा आम्ही जुनी चुकलेली गणितं उघडून बसलो, आणि त्यात जे सापडलं ते इथे नीट लिहितेय, कारण कॅल्क्युलसमधली चूक आणि स्टॅट्समधली चूक वरवर वेगळ्या दिसत होत्या पण खणत गेल्यावर मूळ एकच निघालं.

तिच्या वहीत प्रत्येक गणिताची सुरुवात सारखीच. वर 'दिलेलं' असं हेडिंग, त्याखाली गणितातले सगळे आकडे एकाखाली एक, मग फॉर्म्युला, मग वरचे आकडे उचलून फॉर्म्युल्यात. शाळेपासून हीच सवय लावलेली असते आणि शाळेतल्या गणितांना ती पुरते पण, कारण तिथे आकडे जेवढे असतात तेवढीच फॉर्म्युल्यात जागा असते. प्रॉब्लेम पुढे सुरू होतो.

आता हे गणित बघा. उलट्या शंकूच्या आकाराची टाकी आहे, टोक खाली. टाकीची उंची १२ मीटर, वरच्या तोंडाची त्रिज्या ४ मीटर. टाकीत मिनिटाला २ घनमीटर पाणी पडतंय. पाण्याची खोली ६ मीटर असेल त्या वेळी पातळी किती वेगाने वर चढत असेल?

वहीत 'दिलेलं' खाली असं होतं: एच (उंची) = १२, आर (त्रिज्या) = ४, डीव्ही बाय डीटी (घनफळ वाढण्याचा वेग) = २, एच = ६. म्हणजे एच दोनदा, दोन वेगळ्या किमती! आणि ते तिच्याही लक्षात आलेलं होतं बरं का, कारण १२ वर काट मारलेली, मग बाजूला परत १२ लिहिलेलं, मग त्यालाही गोल करून प्रश्नचिन्ह. माझ्या मते अख्ख्या केसचं निदान त्या एका प्रश्नचिन्हात आहे. तिला गडबड दिसत होती, पण गडबडीला नाव काय द्यायचं ते माहीत नव्हतं, त्यामुळे तिने जे सगळे करतात तेच केलं, कुठला तरी एक आकडा निवडला आणि पुढे निघाली.

पहिल्या प्रयत्नात तिने शंकूच्या घनफळाच्या फॉर्म्युल्यात आर = ४ टाकला. घनफळ म्हणजे एक तृतीयांश गुणिले पाय (π) गुणिले आर वर्ग गुणिले एच, त्यात आर ४ टाकला की व्ही = १६ पाय एच / ३. डेरिव्हेटिव्ह घेतलं, २ = (१६ पाय / ३) गुणिले डीएच बाय डीटी (पातळी चढण्याचा वेग), उत्तर ३/(८ पाय), म्हणजे मिनिटाला साधारण ०.१२ मीटर. मागचं उत्तर बघितलं, जुळेना. दुसऱ्या प्रयत्नात तिने जरा डोकं लावलं, की पाणी अर्ध्यावर आहे म्हणजे पाण्याची त्रिज्या पण अर्धी असणार, २ मीटर. हे अगदी बरोबर आहे! पण ते २ तिने लगेच फॉर्म्युल्यात टाकले, व्ही = ४ पाय एच / ३ झालं, मग डेरिव्हेटिव्ह, आणि उत्तर आलं ३/(२ पाय), म्हणजे ०.४८ च्या आसपास. हे पण जुळेना. इथे पान संपलं आणि पुढच्या पानावर दुसरंच गणित सुरू.

कॅल्क्युलस कुठे चुकलं सांगा? कुठेच नाही. दोन्ही वेळा डेरिव्हेटिव्ह बरोबर आहे. मी तिला सोडवून दाखवायच्या आधी एकच काम दिलं, यादीतल्या प्रत्येक आकड्यासमोर लिही की हा आकडा कधी खरा आहे. टाकीची उंची १२, कधी? कायम. वरची त्रिज्या ४, कायम. दर २ घनमीटर, हा पण कायम, पाणी त्याच वेगाने पडत राहणार आहे. खोली ६? इथे ती थांबली. मग म्हणाली, "ताई, ६ तर फक्त एका क्षणाला आहे, त्याच्या आधी कमी होती आणि नंतर जास्त." मग तू काढलेली २ मीटर त्रिज्या? "ती पण त्याच क्षणाला."

बस. डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा वेग, आणि जो आकडा बदलतोय त्याला तू आधीच २ करून गोठवून टाकलंस तर डेरिव्हेटिव्हला बदल दिसणार कसा? त्याच्या दृष्टीने टाकी आता शंकू उरलीच नाही, २ मीटर त्रिज्येचा सरळ उभा आकार झाला, फक्त फॉर्म्युल्यात पुढे एक तृतीयांश तसाच लटकत राहिला. म्हणून नियम असा की कायमचे आकडे केव्हाही टाका, क्षणाचे आकडे डेरिव्हेटिव्ह घेतल्यानंतर.

आता नीट सोडवू. हाताशी दोन एच आहेत म्हणून सगळ्यात आधी नावं वेगळी करायची: १२ हा टाकीचा, त्याला अक्षर द्यायची गरजच नाही, तो आकडाच आहे. एच म्हणजे पाण्याची खोली, आर म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची त्रिज्या, दोन्ही बदलणारे. टाकीचा उभा छेद डोळ्यांसमोर आणा, मोठा त्रिकोण टाकीचा आणि त्याच्या आत छोटा त्रिकोण पाण्याचा, दोन्ही समरूप, म्हणून आर / एच = ४ / १२, म्हणजे आर = एच / ३. हे नातं कायम खरं आहे, कुठल्याही क्षणी, आणि म्हणूनच ते आधी टाकायला परवानगी आहे. ४ आणि १२ हे आकडे गणितात कशासाठी दिले होते ते इथे कळतं, ते घनफळात टाकायला नव्हतेच, ते फक्त हे नातं सांगायला होते.

आर च्या जागी एच / ३ टाकलं की घनफळ होतं पाय गुणिले एच चा घन भागिले २७. आता वेळेनुसार डेरिव्हेटिव्ह: डीव्ही बाय डीटी = (पाय एच वर्ग / ९) गुणिले डीएच बाय डीटी. आणि आता, म्हणजे आत्ता कुठे, ६ टाकायचा. २ = (३६ पाय / ९) गुणिले डीएच बाय डीटी, म्हणजे २ = ४ पाय गुणिले डीएच बाय डीटी, उत्तर १/(२ पाय), मिनिटाला साधारण ०.१५९ मीटर, सोळा सेंटिमीटरच्या आसपास.

तिचं दुसरं उत्तर ३/(२ पाय) होतं, बरोबर उत्तराच्या नेमकं तिप्पट, आणि हे तिप्पट योगायोगाने आलेलं नाही. घनफळ एच च्या घनावर चालतं, घनाचं डेरिव्हेटिव्ह घेताना पुढे ३ येतो. आर गोठवल्यावर एच चा फक्त पहिला घात उरला, तिथे पुढे १ येतो. जो ३ यायला हवा होता तो आलाच नाही म्हणून उत्तर तिप्पट फुगलं. हे सांगितल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा खुलला, कारण चूक कुठून आली हे कळलं की ती चूक परत करायला लाज वाटते, नुसतं 'चुकलं' म्हटलं की काहीच वाटत नाही.

मग पडताळा. मुलं पडताळा म्हणजे परत तीच आकडेमोड करतात, त्याचा काही उपयोग नाही, चूक सेटअपमध्ये असेल तर दोन्ही वेळा तेच चुकीचं उत्तर येणार. पडताळा दुसऱ्या वाटेने यायला हवा. खोली ६ वरून ६.०१ मीटर होताना किती पाणी लागतं ते काढा, कॅल्क्युलस न वापरता. ६.०१ चा घन २१७.०८१८, ६ चा घन २१६, फरक १.०८१८, त्याला पायने गुणून २७ ने भागा, आलं ०.१२५९ घनमीटर. मिनिटाला २ घनमीटर म्हणजे एवढं पाणी यायला ०.०६२९ मिनिट. ०.०१ मीटर भागिले ०.०६२९, आलं ०.१५९. जुळलं. अजून एक वाट आहे आणि ती तर एका ओळीची, पातळी चढण्याचा वेग म्हणजे येणाऱ्या पाण्याचा दर भागिले पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. त्या क्षणी त्रिज्या २, क्षेत्रफळ ४ पाय, २ भागिले ४ पाय. झालं. "मग हेच आधी का नाही सांगितलं?" असं ती म्हणालीच, साहजिक आहे. पण लक्षात घ्या, ह्या एका ओळीत २ ही क्षणाची त्रिज्या बिनधास्त वापरलीय आणि तरी चालतंय, कारण इथे आपण डेरिव्हेटिव्ह घेतच नाहीये, त्या क्षणाचीच गोष्ट त्या क्षणात बोलतोय.

ह्यानंतर शिडीचं गणित दिलं, जे सगळ्या पुस्तकांत असतं. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलेली, शिडीचं खालचं टोक सेकंदाला १ मीटर वेगाने बाहेर सरकतंय, ते भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय. तिने आकड्यांसमोर लिहिलं: ५ कायम, १ कायम, ३ क्षणाचा. एक्स म्हणजे खालच्या टोकाचं भिंतीपासूनचं अंतर, वाय म्हणजे वरच्या टोकाची उंची, एक्स वर्ग अधिक वाय वर्ग = २५, यात ५ आधीच टाकला कारण शिडी लांब-आखूड होत नाही, मग डेरिव्हेटिव्ह, मग ३ आणि त्यावरून येणारा ४. उत्तर उणे ०.७५, उणे म्हणजे खाली. पाच मिनिटांचं काम. चौरस पत्र्याचे कोपरे कापून डबा करायचं गणित तर तिला आधीपासून येत होतं, तिथे फक्त एक गोष्ट राहायची, की २४ सेंटिमीटरच्या पत्र्यात डेरिव्हेटिव्ह शून्य केल्यावर ४ आणि १२ अशी दोन उत्तरं येतात आणि १२ कापले तर पत्राच उरत नाही. हे गणित तिला आधीपासून का यायचं? कारण तिथे क्षणाचा आकडाच नसतो, सगळे आकडे कायमचे. चुका जिथे नव्हत्या तिथून पण निदान पक्कं होत गेलं.

आता स्टॅट्स. इथे ती म्हणायची की हा विषय वेगळा आहे, इथे फॉर्म्युला कुठला लावायचा तेच कळत नाही. मी वहीतलं हे गणित काढलं: एका कारखान्यात बनणाऱ्या पार्टपैकी २ टक्के खराब निघतात. तपासणीचं मशीन खराब पार्ट आला तर ९० टक्के वेळा लाल दिवा लावतं, पण चांगला पार्ट असला तरी ५ टक्के वेळा चुकून लाल दिवा लावतं. लाल दिवा लागला, तर तो पार्ट खरंच खराब असण्याची प्रॉबेबिलिटी किती?

'दिलेलं' खाली: ०.०२, ०.९०, ०.०५. उत्तर: ०.९०. शेजारी छोटंसं, 'एवढं सोपं कसं?'. तिचं मन बरोबर ओरडत होतं, हात ऐकत नव्हता.

इथे 'कधी खरा' हा प्रश्न चालत नाही, कारण वेळ कुठेच नाहीये. पण प्रश्नाचा भाऊ चालतो: हा आकडा कोणापैकी आहे? २ टक्के, सगळ्या पार्टपैकी. ९० टक्के, फक्त खराब पार्टपैकी. ५ टक्के, फक्त चांगल्यांपैकी. आणि विचारलंय काय? लाल दिवा लागलेल्यांपैकी. चार टक्केवाऱ्या आणि छेद चौघांचे वेगळे! टक्क्याचं चिन्ह सगळ्यांना एकाच रंगाचा शर्ट घालून उभं करतं, म्हणून ते एकाच घरचे वाटतात.

मग फॉर्म्युला बाजूला ठेवून मी म्हटलं दहा हजार पार्ट घे. त्यातले २०० खराब, ९८०० चांगले. खराबांतल्या १८० वर लाल दिवा. चांगल्यांतल्या ४९० वर लाल दिवा. एकूण लाल दिवे ६७०, त्यातले खरंच खराब १८०, म्हणजे १८० / ६७०, साधारण २६.९ टक्के. म्हणजे दिवा लागला तरी चारातले जवळजवळ तीन पार्ट चांगलेच. तिला पटेना, "मशीन तर ९० टक्के बरोबर आहे ना." बरोबर आहे, पण खराब पार्ट मुळातच इतके कमी आहेत की ९८०० चे ५ टक्के हे २०० च्या ९० टक्क्यांना झाकून टाकतात.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची नाही. १९७८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूलमधले डॉक्टर आणि विद्यार्थी मिळून ६० जणांना असाच प्रश्न विचारला होता, हजारात एकाला होणारा आजार, ५ टक्के चुकीचे पॉझिटिव्ह, तर टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती. सगळ्यात जास्त लोकांनी उत्तर दिलं ९५ टक्के. खरं उत्तर २ टक्क्यांच्या आसपास, आणि ते फक्त ११ जणांना आलं. पुढे १९९५ मध्ये गिगेरेन्झर आणि हॉफ्राग या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की हीच माहिती टक्क्यांऐवजी 'हजारापैकी इतके' अशा मोजणीच्या रूपात दिली तर बरोबर उत्तरं कितीतरी वाढतात. गणित तेच, फक्त 'कोणापैकी' हे लपत नाही. अशी उलटी प्रॉबेबिलिटी काढायचा थॉमस बेजचा नियम १७६३ साली, बेज गेल्यानंतर छापला गेला, म्हणजे अडीचशे वर्षं होऊन गेली आणि माणसं अजून छेदापाशीच घसरतात, तर पहिल्या वर्षाच्या मुलीने घाबरायचं काही कारण नाही.

दहा हजारवालं करून झाल्यावरच मी बेजचा फॉर्म्युला लिहायला सांगितला, वर ०.०२ गुणिले ०.९०, खाली तेच अधिक ०.९८ गुणिले ०.०५. ०.०१८ भागिले ०.०६७. तिने स्वतःच ओळखलं की हे १८० आणि ६७० च आहेत, दशांश चिन्ह तेवढं सरकलंय.

आता खरी परीक्षा, जिथे दोन्ही विषय एकत्र येतात. गणित असं: एका पार्टचं आयुष्य एक्स वर्षं, जास्तीत जास्त ४ वर्षं. त्याचं डेन्सिटी फंक्शन (पार्ट कुठल्या वयात बंद पडायची शक्यता किती दाट ते सांगणारं) के गुणिले एक्स वर्ग गुणिले (४ वजा एक्स), शून्य ते ४ मध्ये. के काढा, सरासरी आयुष्य आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आयुष्य सरासरीभोवती किती पसरलंय त्याचं माप) काढा, आणि २ वर्षं चाललेला पार्ट ३ वर्षांच्या पुढे टिकेल याची प्रॉबेबिलिटी काढा.

हे तिने पूर्ण स्वतः केलं, मी शेजारी गप्प. गणितात शब्द जास्त आणि आकडे कमी, ते बघून आधी थोडी भेदरली, मग पेन्सिलीने एकेकाला प्रश्न विचारायला लागली. शून्य ते ४, कायम. के, कायम पण माहीत नाही, मग माहीत कुठून होणार? सगळी प्रॉबेबिलिटी मिळून १ होते, तिथून. ४ एक्स वर्ग वजा एक्स चा घन, याचं इंटिग्रेशन शून्य ते ४: २५६/३ वजा ६४, म्हणजे ६४/३. त्याला के ने गुणून १ यायला हवं, के = ३/६४.

सरासरीसाठी आत अजून एक एक्स गुणायचा, ४ एक्स चा घन वजा एक्स चा चौथा घात, इंटिग्रेशन २५६ वजा १०२४/५, म्हणजे २५६/५. गुणिले ३/६४, आलं २.४ वर्षं. मग एक्स वर्गाची सरासरी, तशीच, ६.४. व्हेरियन्स, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग, ६.४ वजा २.४ चा वर्ग, म्हणजे ६.४ वजा ५.७६, ०.६४. स्टँडर्ड डेव्हिएशन ०.८. इथे बरेच जण वर्ग करायचा विसरतात, ६.४ वजा २.४ करून ४ आणतात आणि मग स्टँडर्ड डेव्हिएशन २ लिहितात. एक नजर टाकली तरी कळतं की हे होऊच शकत नाही: शून्य ते ४ मध्ये अडकलेल्या गोष्टीचं स्टँडर्ड डेव्हिएशन २ तेव्हाच येतं जेव्हा अर्धे पार्ट पहिल्याच क्षणी मरतात आणि अर्धे बरोब्बर ४ वर्षं जगतात. हिच्याकडून ते झालं नाही, पण मी मुद्दाम विचारून घेतलं आणि तिने हे कारण स्वतःच्या शब्दांत सांगितलं.

शेवटचा भाग. एक्स पर्यंतची एकूण प्रॉबेबिलिटी काढली तर एक्स चा घन / १६ वजा ३ गुणिले एक्स चा चौथा घात / २५६ असं येतं. ४ टाकून बघितलं, ४ वजा ३, म्हणजे १, ठीक आहे. ३ टाकले की १८९/२५६, म्हणजे ३ वर्षांच्या पुढे टिकण्याची प्रॉबेबिलिटी ६७/२५६, साधारण २६.२ टक्के. आणि इथे तिने पेन खाली ठेवला. आधीची ती असती तर हेच उत्तर लिहून चौकट केली असती. आता तिने ६७/२५६ च्या शेजारी लिहिलं, 'कोणापैकी? सगळ्या नव्या पार्टपैकी.' आणि गणितातलं वाक्य परत वाचलं, '२ वर्षं चाललेला पार्ट'. म्हणजे जे २ वर्षांच्या आत बंद पडले ते मोजायचेच नाहीत. २ टाकले, ०.३१२५, म्हणजे २ च्या पुढे गेलेले ०.६८७५, २५६ च्या भाषेत १७६. ६७ भागिले १७६, साधारण ३८.१ टक्के.

मग तिने एक असा प्रश्न विचारला जो मला फार आवडला. नव्या पार्टचं ३ वर्षांपुढे जायचं २६ टक्के आणि २ वर्षं चाललेल्याचं ३८, म्हणजे जुना पार्ट नव्यापेक्षा चांगला झाला का? नाही. जुन्याला ३ पर्यंत पोहोचायला एकच वर्ष काढायचंय, नव्याला तीन. बरोबरीची तुलना करायची तर दोघांना पुढचं एकच वर्ष द्या. नव्या पार्टचं पहिलं वर्ष पार पडायची प्रॉबेबिलिटी किती? एक टाकला, १/१६ वजा ३/२५६ म्हणजे १३/२५६ पार्ट वर्षाच्या आत बंद पडतात, म्हणजे जवळजवळ ९५ टक्के टिकतात. ९५ कुठे आणि ३८ कुठे. पार्ट झिजतोय, आणि ते आकड्यांत दिसतंय.

केस इथे संपली असं म्हणता येत नाही, कारण आकड्यांना 'कधी' आणि 'कोणापैकी' विचारून सगळंच सुटत नाही. वेग कमी झालाय हे तर आहेच, प्रत्येक आकड्याशेजारी लिहीत बसलं की परीक्षेत वेळ जातो, पण ते हळूहळू डोक्यातल्या डोक्यात व्हायला लागेल, त्याची मला काळजी नाही. काळजी वेगळी आहे. २ टक्के खराब पार्ट, २० पार्ट उचलले, किमान एक खराब निघायची प्रॉबेबिलिटी किती, हे गणित दिलं तर तिने २० गुणिले ०.०२ करून ०.४ लिहिलं. छेद बरोबर, सगळे आकडे कायमचे, तरी उत्तर चूक, कारण ०.४ ही खराब पार्टची सरासरी संख्या आहे, प्रॉबेबिलिटी नाहीच. बरोबर उत्तर १ वजा ०.९८ चा विसावा घात, साधारण ३३.२ टक्के. ०.४ आणि ०.३३ इतके जवळ आहेत की चूक उघडी पडत नाही, म्हणून मी २० चे ६० केले. ६० गुणिले ०.०२, १.२. ती बघत राहिली, मग हसली, "एकच्या वर प्रॉबेबिलिटी!" बरोबर पद्धतीने ७०.२ टक्के येतात. आता पुढचे काही दिवस आम्ही गणितं सोडवणार नाही आहोत, फक्त प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचून एवढंच लिहायचं की उत्तर कुठल्या जातीचं येणार, संख्या, वेग, सरासरी की प्रॉबेबिलिटी, आणि ते कुठून कुठपर्यंत असू शकतं.